पहिल्या वर्षी कुणाशी काय बोलायचं: नाशिक जिल्ह्यात नव्याने रुजू झालेल्या शिक्षकांसाठी

नेमणुकीचा आदेश हातात पडला की पहिले आठ-दहा दिवस कागदांतच जातात. रुजू अहवाल, वैद्यकीय प्रमाणपत्र, पगाराच्या शालार्थ प्रणालीची माहिती, बँकेचं खातं. हे सगळं कुणी ना कुणी सांगतंच. वर्गात अडलं तर कुणाला विचारायचं, एखादा आदेश पटला नाही तर कुठे बोलायचं आणि रात्री झोप येईनाशी झाली तर ते कुणाच्या कानावर घालायचं, हे मात्र कुणी सांगत नाही. मी पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावरच्या द्विशिक्षकी शाळेत सुरुवात केली, आता निफाडकडे आहे. मधल्या वर्षांत मी स्वतः केलेली आणि इतरांना करताना पाहिलेली चूक एकच. वर्ग, आदेश आणि मन या तिन्ही गोष्टी आपण एकाच चहात कालवतो. ‘पोरांना वजाबाकी येत नाही’ इथून गप्पा सुरू होतात, तिथून ऑनलाइन कामांवर जातात, मग बदल्यांवर. कप खाली ठेवेपर्यंत वजाबाकी जिथल्या तिथे.

आधी आपण कुणाचे ते समजून घ्या

जिल्हा परिषदेच्या शाळेत असाल तर उतरंड अशी: मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख (आसपासच्या काही शाळांचं मिळून एक केंद्र असतं), विस्तार अधिकारी, गटशिक्षणाधिकारी आणि वर शिक्षणाधिकारी. तालुके पंधरा आहेत आणि सुरगाण्याचे प्रश्न येवल्याला लागू पडत नाहीत. महापालिकेच्या शाळांचा कारभार महापालिकेच्या शिक्षण विभागाकडे. शासकीय आश्रमशाळा आदिवासी विकास विभागाच्या. त्यांचं प्रकल्प कार्यालय नाशिकला किंवा कळवणला, आणि राज्याचं आयुक्तालयही नाशिकमध्येच आहे. खासगी अनुदानित शाळेत संस्थाचालक असतात, आणि तिथल्या नोकरीचे नियम १९७७ च्या खासगी शाळा कर्मचारी कायद्यातून येतात. म्हणून दुसऱ्या प्रकारच्या शाळेतल्या मित्राने दिलेला सल्ला जपून घ्या. ‘आमच्याकडे चालतं’ हे तुमच्याकडे चालेलच असं नाही.

एक शंभरपानी वही आणि तीन अक्षरं

रोजच्या पाठांची टाचणवही वेगळी, ही वेगळी. ही कुणाला दाखवायची नाही. दिवस संपला की दोन-तीन ओळी लिहायच्या आणि समासात एक अक्षर टाकायचं. वर्गातली गोष्ट असेल तर ‘व’, आदेशाची, नियमाची, माहिती मागवण्याची असेल तर ‘आ’, आणि आपल्या मनाची असेल तर ‘म’.

उदाहरणार्थ: ‘तिसरीतले चार जण जोडाक्षराला अडखळतात’, व. ‘दुपारी दोनला लिंक आली, तीनपर्यंत भरा म्हणाले’, आ. ‘आज विनाकारण ओरडले, मग स्वतःचाच राग आला’, म. अक्षर ठरवताना जो क्षणभर विचार करावा लागतो, त्यातच निम्मं काम होतं. चिडचिड ‘व’ची आहे असं वाटत असतं आणि निघते ‘आ’ची. महिनाभराने पानं उलटून पाहा. कुठलं अक्षर जास्त आलंय, त्यावरून आधी कुणाकडे जायचं ते ठरेल.

वर्गाबद्दल बोलायचं तर पान घेऊन जा

या पायरीवर मी जास्त वेळ काढणार आहे, कारण बाकी सगळ्यापेक्षा ही उपयोगाची आहे.

‘मुलांना वजाबाकी येत नाही’ या वाक्यावर समोरचा फक्त मान हलवू शकतो. तेच एका मुलाच्या वहीचं पान पुढे ठेवा. माझ्याकडे एकदा असं पान होतं: ५२ वजा ३८, उत्तर २६. त्याखाली ७१ वजा ४५, उत्तर ३४. त्याखाली ६४ वजा २३, उत्तर ४१, आणि हे बरोबर. मी तीन आठवडे ‘हातचा शिकवला, तरी येत नाही’ म्हणत होते. केंद्रातल्या एका जुन्या बाईंनी पान हातात घेतलं, चष्मा वर सरकवला आणि म्हणाल्या, “अगं, हा हातच्यापर्यंत पोचलाच नाहीये. हा प्रत्येक घरात मोठ्यातून लहान वजा करतोय. आठातून दोन गेले सहा. पाचातून तीन गेले दोन. याच्या लेखी ५२ ही एक संख्या नाहीच, पाच आणि दोन असे शेजारी उभे केलेले दोन आकडे आहेत.”

दुसऱ्या दिवशी काड्यांचे गठ्ठे घेऊन बसले. पाच गठ्ठे, दोन सुट्या, यातून अडतीस काढून दे म्हटलं. त्याने सुट्या दोन उचलल्या, माझ्याकडे पाहिलं, मग एका गठ्ठ्याचा दोरा स्वतःच सोडला. वहीत १४ यायला त्यानंतरही आठवडा लागला, पण काय करायचं ते आता मला कळलं होतं.

म्हणून नियम असा: एक मूल, एक पान, एक प्रश्न. प्रश्नसुद्धा ‘काय करू?’ असा मोघम नको. ‘तुम्हाला यात काय दिसतं?’ असं विचारा. पहिल्या प्रश्नाला सल्ले मिळतात. दुसऱ्यावर समोरचा पान नीट बघतो.

भाषेच्या बाबतीत तर पान न्यायलाच हवं. सटाणा, कळवण, देवळा, मालेगाव या पट्ट्यात मुलांच्या घरी अहिराणी असते. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वरकडे कोकणा आणि इतर आदिवासी बोली. कोल्हापूरकडून किंवा विदर्भातून आलेल्या नव्या शिक्षकाला ‘मन्हा बाप वावरमा गया’ हे वाक्य दिसलं की लाल पेन बाहेर येतो. थांबा. त्या मुलाने पूर्ण वाक्य लिहिलंय, कर्ता-क्रियापद जागच्या जागी आहे, वावरात या अर्थाचा प्रत्ययही बरोबर लावलाय. गावातल्याच शिक्षकाला किंवा अंगणवाडी ताईंना ते पान दाखवा, त्या दोन मिनिटांत उलगडून सांगतील. तुमची अहिराणी ऐकून मुलं हसतील, ते हसू द्या. वर्गाला दिवसभर तेवढाच विरंगुळा.

दुसऱ्याच्या वर्गात बसायला मागा

हे मागताना सगळ्यांचीच जीभ अडखळते, कारण आपल्याकडे वर्गात मागे येऊन बसणारा माणूस म्हणजे तपासणी. त्यामुळे आधीच स्पष्ट सांगा. “मॅडम, मंगळवारी तुमचा वाचनाचा तास मागे बसून बघू का? अर्धाच तास. काही लिहिणार नाही.” बहुतेक उत्तर येतं, “माझ्या वर्गात काय बघणार तुम्ही, आमचं आपलं साधंच.” तिथे सोडू नका. “साधंच बघायचंय, माझ्याकडे पहिलीची मुलं दहा मिनिटंही बसत नाहीत.” स्वतःची अडचण आधी सांगितली की दार उघडतं.

तास संपल्यावर अभिप्राय देऊ नका. ‘छान होतं’ हेसुद्धा तपासणीसारखंच ऐकू येतं. फक्त सांगा की यातली अमुक गोष्ट मी उद्या करून बघणार. आणि खरंच करा, काय झालं ते येऊन सांगा. द्विशिक्षकी शाळेत दोघांना एका वेळी मोकळं होता येत नाही. तिथे दोन वर्ग एकत्र बसवून एकाने शिकवायचं आणि दुसऱ्याने मुलांच्या शेजारी बसायचं, एवढं जमतं. मुलांच्या रांगेतून फळा कसा दिसतो ते एकदा बघाच. माझ्या फळ्यावर दुपारी खिडकीची तिरीप येते आणि खालच्या दोन ओळी कुणालाच दिसत नाहीत, हे मला सहा वर्षांनी कळलं.

शिक्षण परिषदेत

महिन्याला केंद्रावर शिक्षण परिषद होते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक विकासासाठी द्यावेत असं म्हटलंय, आणि हे तास प्रशिक्षणं आणि परिषदांतून जमवता येतात. खरं सांगायचं तर काही परिषदा सूचना वाचण्यात आणि सह्या करण्यात संपतात. तरी टाळू नका. अर्धा तास आधी पोचा आणि डबा खाताना उठू नका, खरं बोलणं त्याच वेळी होतं. तुमच्याकडचं पान दाखवायचं असेल तर केंद्रप्रमुखांना आदल्या दिवशी फोन करा: “सर, दहा मिनिटं मिळाली तर एका मुलाच्या वाचनाबद्दल सगळ्यांना विचारायचंय.” केंद्रप्रमुखांनाही विषय हवाच असतो.

आदेशाबद्दल: आधी वाचा, मग बोला

स्टाफरूममध्ये एखादा आदेश ‘आलाय’ म्हणून कळतो तेव्हा तो तिसऱ्या तोंडातून आलेला असतो. शासन निर्णय शासनाच्या संकेतस्थळावर संकेतांकासकट मिळतो. उघडा आणि तीन गोष्टी बघा: तारीख काय, लागू कुणाला, आणि आधीचा कुठला निर्णय रद्द किंवा अधिक्रमित केलाय का. २०२५ मध्ये पहिलीपासून तिसऱ्या भाषेबद्दल १६ एप्रिल आणि १७ जूनला निर्णय निघाले आणि जून संपता संपता दोन्ही मागे घेण्याची घोषणा झाली. त्यानंतरही जुनी पीडीएफ ग्रुपवर फिरत होती आणि लोक त्यावर हिरिरीने भांडत होते. तसंच टीईटीचं, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचं. सर्वोच्च न्यायालयाच्या १ सप्टेंबर २०२५ च्या निकालात, ज्यांची सेवा पाच वर्षांपेक्षा जास्त उरली आहे अशा कार्यरत शिक्षकांनीही दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हावं असं म्हटलंय. पाचपेक्षा कमी उरलेल्यांना सेवेत राहता येतं, पण पदोन्नतीसाठी टीईटी लागतेच. ही शेवटची ओळ न वाचलेले कितीतरी जण मला भेटलेत.

अशैक्षणिक कामांचा विषय सगळ्यांत तापतो. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ मध्ये जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुकीची कामं यांना मुभा आहे. म्हणजे तिथे वाद घालण्यात अर्थ नाही. बाकीच्या कामांबद्दल बोलता येतं. पण ‘फार कामं आहेत’ हे वाक्य ‘मुलांना येत नाही’सारखंच पोकळ आहे. दोन आठवडे वहीत मिनिटं मांडा. कुठल्या कामाला, कोणत्या तासाला, किती. मग मुख्याध्यापकांकडे जा, तेही शाळा सुटल्यावर. “सर, या पंधरवड्यात पहिल्या तासाला पाच वेळा वर्ग सोडावा लागला. ही माहिती मधल्या सुट्टीनंतर भरली तर चालेल का?” मुख्याध्यापकही त्याच चरकात असतात. त्यांना ‘हो’ म्हणता येईल असं काहीतरी मागा. उत्तर लेखी हवं असेल तर अर्ज द्या, आवक क्रमांक टाकून घ्या, एक प्रत जपून ठेवा.

समाजमाध्यमांवर मात्र हात आवरा. जिल्हा परिषद कर्मचाऱ्यांना १९६७ चे वर्तणूक नियम आहेत, आणि धोरणावर जाहीर टीका त्यात अडकू शकते. सामूहिक मागणी संघटनेमार्फत मांडा, संघटना त्यासाठीच असतात.

शेरेपुस्तक

माझी फजिती सांगते. पावसाळ्यातला दिवस, ओहोळाला पाणी, तेवीसपैकी नऊ मुलं हजर. त्याच दिवशी एक अधिकारी भेटीला आले आणि शाळेच्या शेरेपुस्तकात शेरा लिहिला, ‘उपस्थिती असमाधानकारक’. मी मुलांसमोरच वाद घातला. ओहोळापासून सुरू केलं आणि रस्ता, मानधन, लिंका, सगळं ओतलं. त्यांनी शांतपणे दुसरी ओळ लिहिली, ती माझ्या वागण्याबद्दल होती.

आमचे मुख्याध्यापक संध्याकाळी म्हणाले, “बाई, एकच वाक्य पुरलं असतं. ओहोळ भरल्यामुळे पलीकडच्या पाड्यावरची चौदा मुलं आली नाहीत. हजेरीपत्रकात सकाळीच तशी नोंद करून ठेवायची आणि तेवढंच दाखवायचं.” तेव्हापासून पावसाच्या दिवशी मी हजेरी झाली की आधी ती नोंद करते, मग फळ्यावर तारीख टाकते.

पालकांशी

शाळा व्यवस्थापन समितीत कायद्याने तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला. सभेत पदर तोंडाला लावून बसणाऱ्या आया घरच्या ओट्यावर भरभरून बोलतात, म्हणून महत्त्वाचं बोलणं सभेच्या आधी ओट्यावर करा.

नाशिकमध्ये एका बोलण्याचं वेळापत्रक मात्र पक्कं आहे. दिवाळीनंतर सुरगाणा, पेठकडची कुटुंबं दिंडोरी, निफाडच्या द्राक्षबागांत कामाला उतरतात. मुलं सोबत जातात. ‘पोरगं इथेच ठेवा’ हे सांगायला दिवाळीनंतर जाल तर घराला कुलूप असतं. नवरात्राच्या आसपास जा. “बाई, पोराला शिकवायचं नाही का?” असं विचारू नका, ते टोचतं आणि उत्तर काहीच मिळत नाही. “यंदा कुणाच्या बागेत जाणार? तिथे शाळा किती लांब?” असं विचारा. गाव कळलं की शिक्षण हमी कार्ड (स्थलांतरित मुलाचं शिक्षण दुसऱ्या शाळेत चालू राहावं म्हणून दिलं जाणारं) भरून द्या आणि तिथल्या शाळेला स्वतः फोन करा. मी आता फोन घेणाऱ्या टोकाला आहे. पेठहून एका सरांचा फोन येतो, “तुमच्याकडे आमची तीन येतायत, थोरलीला वाचता येतं, धाकट्याला चित्रं काढायला द्या म्हणजे रडणार नाही.” त्या मुलांचा पहिला दिवस त्यामुळे निभावतो.

‘म’ची पानं

शिक्षण सेवकाची, म्हणजे कायम होण्याआधीची मानधनावरची, तीन वर्षं, प्राथमिकला महिना सोळा हजार मानधन, खोलीभाडं, शनिवारी घरी जायचं भाडं. पैशाची ओढाताण होते, आणि ती सांगायला लाज वाटू देऊ नका. जुन्यांपैकी कितीतरी जणांनी याहून कमी मानधनात दिवस काढलेत. पहिल्या पगारातच हप्त्यावर गाडी घेऊ नका, एवढं मोठ्या बहिणीच्या नात्याने सांगते.

एकटेपणा त्याहून अवघड. पेठ रोडच्या बसमध्ये माझ्या शेजारी रोज एक सर बसायचे. कोटंबीचा घाट येईपर्यंत गप्पा, मग झोप. एका जूनपासून ते खिडकीबाहेरच बघत राहायला लागले. डबा परत नेत होते. मी चार दिवस ‘काय सर, बरं आहे ना?’ विचारलं, चार दिवस ‘बरंय’ आलं. पाचव्या दिवशी विचारलं, “सर, डबा का खात नाही?” घाट उतरेपर्यंत ते बोलत होते. मी काही सुचवलं नाही, सुचतही नव्हतं. फक्त दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच बसले.

तेवढ्यावरून शिकले ते असं. दिसलेली एक बारीक गोष्ट धरून विचारा. लगेच उपाय सांगू नका, ‘आमच्या वेळी तर’ अजिबात नको. ऐकलेलं स्टाफरूममध्ये नेऊ नका. आणि थकवा कोणता, आजार कोणता, ते ओळखा. सुट्टीत दोन दिवस घरी जाऊन आलं की उतरतो तो थकवा. दोन आठवडे झोप नाही, जेवण नाही, कशातच जीव रमत नाही, असं चालू असेल तर डॉक्टरांकडे जायला हवं. टेली-मानस ही सरकारी सेवा १४४१६ वर दिवसरात्र, मोफत असते, मराठीतही बोलता येतं. कुणी जीव नकोसा झाल्याचं बोललं तर त्या माणसाला एकटं सोडू नका, घरच्यांना कळवा. गुपित राखायचा शब्द तिथे लागू नाही.

चार-पाच जणांचा गट

पहिल्या सत्राच्या शेवटी हा जमवा. एकाच केंद्रातले असावेतच असं नाही, पण वरिष्ठ-कनिष्ठ अशी साखळी नको. महिन्यातला एक शनिवार, सकाळची शाळा सुटल्यावर, दोन तास. नाशिकला राहणारे असाल तर कुणाच्या तरी घरी; मिसळीच्या हॉटेलात नको, तिथे टेबल रिकामं करायची घाई असते. पहिला दीड तास ‘व’, नंतर अर्धा तास ‘म’. ‘आ’ला वेळच ठेवू नका, ते कसंही करून घुसतंच.

मुलाचं खरं नाव घ्यायचं नाही, पानाचा फोटो ग्रुपवर टाकायचा नाही. एक अपवाद पक्का लक्षात ठेवा: मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं किंवा तशी शंका आली तर ते गटात चर्चेला आणायचं नसतं. २०१२ च्या पॉक्सो कायद्याने ते पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, आणि न कळवणं हा गुन्हा. १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन आहे.

पहिल्या बैठकीला प्रत्येकाने एक वही आणायची. मुलाला विचारून आणा, आणि सोमवारी सकाळी परिपाठाच्या आधी परत द्या. माझ्याकडून एकदा राहिली होती, तर पोरगं दिवसभर दुसऱ्याच्या वहीच्या मागच्या पानावर गणितं करत बसलं होतं.